पाच बारांची बंदूक

रत्नागिरीकडे बंदुकीचा विषय निघाला की तो शिकारीच्या गप्पांवर फार वेळ थांबत नाही. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या गप्पा आजोबांच्या पिढीपाशीच राहिल्या. आमच्याकडची बंदूक असते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. हापूसच्या कलमांवर वानरांची टोळी उतरली, भातात रानडुकरं घुसली, की हवेत एक बार काढायचा. निवडणूक जाहीर झाली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती खिशात घालायची. बहुतेकांकडे एकनळी असते, थोड्यांकडे दुनळी, काहींकडे अजून ठासणीची. पण एखाद्या जुन्या घरात, आजोबांच्या हौसेची खूण म्हणून, एकाच नळीची पण पाच बारांची बेल्जियन बंदूक निघते. मागच्या बाजूला बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असलेली. मग ओटीवर वाद ठरलेला असतो. अस्सल ती ही, बाकीच्या सगळ्या नकला, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, निम्म्या पैशांत तेच काम होत असेल तर नावाची किंमत कशाला मोजायची?

हा वाद कोकणापुरता नाही. तुर्कस्तानात कोन्या प्रांतात हुलू आणि उझुम्लू नावाची बंदूककारागिरांची गावं आहेत. तिथून आणि त्या देशातल्या इतर कारखान्यांतून आज स्वस्त स्वयंभरणी बंदुका जगभर जातात आणि इटलीतल्या नामवंत बंदुकांच्या शेजारी दुकानात उभ्या राहतात. पण या वादाचं मूळ ज्या माणसापाशी आहे त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याचं आडनाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असतं, माणूस मात्र ठाऊक नसतो. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासालाही त्याच्या कारागिरीचा धागा चिकटलेला आहे, म्हणून त्याची हकीकत सांगावीशी वाटली.

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५चा, अमेरिकेत यूटा प्रांतातल्या ऑग्डेन या गावी. वडील जोनाथन बंदूककारागीर. मॉर्मन पंथात गेलेले, पंथाबरोबर विस्थापित होत होत १८५२ साली यूटात पोचलेले. त्या पंथाच्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या तीन बायका आणि बावीस मुलं. अशा घरात लेकरांना खेळणी विकत आणून देण्याचा प्रश्नच नव्हता. जॉन वडिलांच्या लोहारकामाच्या शेडमध्ये वाढला. भंगाराचा ढीग हेच त्याचं खेळणं. दहाव्या वर्षी त्याने मोडकी नळी आणि लाकडाचा ओबडधोबड दस्ता तारेने बांधून बंदूक केली आणि धाकट्या मॅट या भावाला मदतीला घेऊन माळावरचे पक्षी मारून आणले, ही त्या घराण्यात सांगितली जाणारी गोष्ट आहे. शाळा त्याने फार केली नाही. पुढे आयुष्यभर तो कागदावर रीतसर आराखडा काढत बसला नाही. मनात आकार ठरला की पत्र्याचे किंवा कागदाचे साचे कापायचे आणि सरळ लोखंडाला हात घालायचा.

१८७९ हे साल त्याच्या घराला एकाच वेळी सुखाचं आणि दुःखाचं गेलं. त्या वर्षी त्याचं रेचेल चाइल्डशी लग्न झालं, त्याच वर्षी वडील वारले, आणि ऑक्टोबरात त्याला एकबारी रायफलीचं पहिलं पेटंट मिळालं. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना काढला. यंत्रं थोडी, भांडवल त्याहून थोडं. तरी सुमारे सहाशे रायफली त्यांनी केल्या. त्यातलीच एक फिरत फिरत विंचेस्टर कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती पडली आणि त्याने ती पूर्वेला मुख्य कचेरीत धाडली. १८८३ साली कंपनीचे बेनेट नावाचे बडे अधिकारी आगगाडीने देश ओलांडून या आडगावी आले. समोर कारखानदार म्हणावा असा कोणी नव्हता, हाताला तेल लागलेली भावंडं होती. आठ हजार डॉलरला हक्क विकले गेले.

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. पुढच्या एकोणीस वर्षांत ब्राउनिंगने विंचेस्टरला चाळीसहून अधिक रचना विकल्या. दर वेळी तोच व्यवहार: नमुना द्यायचा, एकरकमी पैसे घ्यायचे, विषय संपला. कंपनीने त्यातल्या मोजक्याच बाजारात आणल्या. बाकीच्या घेतल्या त्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून. आपल्याकडे बाग मोहोरावर असतानाच ठेकेदाराला देऊन टाकतात, त्यातलाच हा प्रकार. रोख रक्कम हाती येते, थ्रिप्सची आणि अवकाळी पावसाची धास्ती ठेकेदाराच्या माथी जाते. पण ज्या साली पीक उत्तम येतं त्या साली मालक बांधावर उभा राहून दुसऱ्याच्या पेट्या मोजतो. कर्जाच्या अर्जांबरोबर असे ठेक्याचे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. ब्राउनिंग बांधावर उभा राहून मोजणाऱ्यांतला नव्हता. तो लगेच पुढच्या कामाला लागे. १८८७ ते १८८९ ही दोन वर्षं तर त्याने सगळं काम बाजूला ठेवून जॉर्जिया राज्यात पंथाच्या प्रचाराला वाहिली. त्या दोन वर्षांत त्याच्या हातून बंदुकीचं काम झालं नाही.

परत आल्यावर, १८८९च्या शरदात, एका नेमबाजीच्या मैदानात त्याच्या नजरेला एक साधी गोष्ट पडली. समोरचा नेमबाज बार काढी तेव्हा नळीच्या तोंडापुढचं गवत झुकत होतं. गोळी तर गवताच्या वरून निघून गेलेली. म्हणजे दारूचा वायू फुकट जातो आहे. धक्का, वायू, मागे येणारा दणका, हे सगळं आजवर नेमबाजाने खांद्यावर सोसलेलं. त्यालाच कामाला लावलं तर? इथून पुढचं त्याचं आयुष्य या एका विचाराभोवती फिरलं.

वायूवर चालणारी मशीनगन त्यातूनच झाली. पण आपल्याला इथे हवी आहे ती छऱ्याची बंदूक. रायफलीचं काडतूस पितळी, मापाचं पक्कं. बारा बोअरचं काडतूस तेव्हा पुठ्ठ्याचं. ओलाव्याने फुगणारं, कधी हलक्या दारूचं, कधी भारी दारूचं. असं लहरी काडतूस आपोआप भरून घेणारी आणि रिकामं आपोआप फेकणारी बंदूक करणं हे मशीनगन करण्याहून अवघड होतं. त्याने नळीच सुटी केली. बार निघाला की नळी आणि तिला बिलगलेला बोल्ट, दोन्ही एकत्र मागे सरतात. पूर्ण मागे गेल्यावर बोल्ट अडकून राहतो, नळी एकटी पुढे परतते, त्या फटीतून रिकामं काडतूस बाहेर उडतं; मग बोल्ट सुटून नवं काडतूस घेऊन पुढे येतो. हे सगळं पापणी लवायच्या आत. काडतुसं ठेवायच्या नळीत चार, वर एक, असे पाच बार. म्हणून तिचं पुढे ऑटो-५ असं नाव रूढ झालं.

तिचं खरं मर्म मात्र एका पोलादी कड्यात आहे. नळीच्या खालच्या स्प्रिंगभोवती एक पितळी घर्षणाचा तुकडा असतो आणि त्याच्या जोडीला हे कडं. भारी काडतुसं वापरायची तर कडं स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला, त्या तुकड्याला भिडवून बसवायचं, म्हणजे जास्त घर्षण, नळीला ब्रेक. हलकी वापरायची तर तेच कडं काढून स्प्रिंगच्या मागे ठेवून द्यायचं. पावसच्या बाजूला एका बागायतदाराकडे आजोबांची अशी बंदूक होती. रिकामं काडतूस फेकत नाही, अडकतं, अशी तिची घरात ख्याती. बेल्जियन असो की आणखी कुठली, शेवटी जुनं लोखंड, असा निकालही लागलेला. जिल्ह्याबाहेरच्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर ती उघडली, कड्याची जागा बदलली, काडतुसांच्या नळीवरचं साकळलेलं तेल पुसलं, आणि एवढंच. कित्येक वर्षं ती भारी बारासाठी लावलेली होती आणि घरातले लोक तिला हलकी काडतुसं घालत होते. याच्या उलट झालं असतं तर गोष्ट गंभीर होती. भारी काडतूस, ब्रेक नाही, मग नळी धाडकन मागे येऊन आदळते आणि पुढचं लाकूड तडकतं. अस्सल वस्तूचीही स्वतःची शिस्त असते आणि ती पाळायचं काम मालकाचं, हे सांगणारा कागद वस्तूबरोबर वारसाहक्काने येत नाही.

ही बंदूक घेऊन ब्राउनिंग विंचेस्टरकडे गेला आणि इथे मात्र तो अडून बसला. या खेपेला एकरकमी पैसे नकोत, दर बंदुकीमागे रॉयल्टी हवी. कंपनीची रीत तशी नव्हती. शिवाय अशी बंदूक खपेल का, याची बेनेटना धास्ती. दोन वर्षं टोलवाटोलवी झाली. अखेर १९०२च्या सुरुवातीला एकोणीस वर्षांचा संबंध तुटला. ब्राउनिंगने रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांची, मार्सेलस हार्टलींची वेळ घेतली. ८ जानेवारी १९०२ रोजी तो कचेरीत जाऊन बसला आणि थोड्या वेळाने कळलं की हार्टली हृदयविकाराने गेले. दुसरा कोणी असता तर हे दैवाचं उत्तर समजून विंचेस्टरकडे परतला असता. हा बोटीत बसून बेल्जियमला गेला.

लिएज शहराजवळ एर्स्ताल इथे एफ.एन. हा शस्त्रकारखाना होता. त्याने आधीच ब्राउनिंगचं पिस्तूल बनवायला घेतलं होतं आणि ते तुफान खपत होतं. त्यांनी बंदूक घेतली, रॉयल्टी मान्य केली. वर ब्राउनिंगने स्वतःच्या जोखमीवर दहा हजार बंदुकांची मागणी नोंदवली आणि त्या अमेरिकेत नेऊन वर्षाच्या आत संपवल्या. बेनेटना बाजार दिसत नव्हता तो हा. पुढे आयातकर आडवा आला तेव्हा अमेरिकेपुरता परवाना त्याने रेमिंग्टनलाच दिला आणि १९०५पासून तीच बंदूक तिथे बनू लागली. ती नक्कल नव्हे, परवान्याने केलेली भावंडं. तीही बेल्जियनइतकीच टिकली.

खरी नक्कल केली विंचेस्टरने. तिची हकीकत मोठी बोधप्रद आहे. कंपनीकडे जॉन्सन नावाचा हुशार रचनाकार होता. ब्राउनिंगचा नमुना विंचेस्टरकडे असताना पेटंटचे कागद पक्के करायला याच मंडळींनी मदत केली होती. ते इतके पक्के झाले की आता त्यातून वाट काढणं त्यांनाच जमेना. बोल्ट मागे ओढायची बाजूची मूठसुद्धा पेटंटमध्ये अडकलेली. मग १९११ सालच्या आपल्या बंदुकीत त्यांनी मूठच ठेवली नाही. पहिलं काडतूस चढवायचं तर नळी हाताने धरून मागे दाबायची. पकड बसावी म्हणून नळीवर तेवढ्या भागात खाचा पाडल्या. ओलावा लागून काडतूस फुगलं, अडकलं, की माणूस काय करणार? दस्ता जमिनीवर टेकवायचा, नळी तोंडासमोर धरून जोराने खाली दाबायची. आत काडतूस भरलेलं. अशाने काहींचे जीव गेले. लोकांनी त्या बंदुकीला बायकांना विधवा करणारी असं नाव ठेवलं. धक्का झेलणाऱ्या तिच्या आतल्या चकत्याही लवकर तुटत आणि मग दस्ता फुटे. १९२५ साली तिचं उत्पादन थांबलं. जी रॉयल्टी वाचवली तिची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात सापडत नाही.

पण म्हणून नक्कल म्हटली की ती वाईटच, असं मी म्हणणार नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात ऑटो-५चं उत्पादन बेल्जियममधून जपानच्या मिरोकू कारखान्यात गेलं. १९९८पर्यंत ती निघत होती. शौकीन लोक आजही बेल्जियन ठशासाठी जास्त पैसे मोजतात, पण काम पाहाल तर जपानी बंदूक तसूभर कमी नाही. फरक देशाचा नसतो. आतल्या लहान तुकड्यांच्या पोलादाचा, त्यांना दिलेल्या पाण्याचा आणि हाताने घासून बसवायला कोणी किती वेळ दिला याचा असतो. तुर्की बंदुकांबाबतही हेच. इटलीच्या बेनेली कंपनीच्या रचनेच्या पेटंटची मुदत संपल्यावर ती रचना सर्वांना खुली झाली. रचना फुकट मिळते. पाणी देण्यातली काटेकोर तपासणी फुकट मिळत नाही. म्हणून एकाच नावाच्या दोन स्वस्त बंदुकांतली एक वर्षानुवर्षं चालते आणि दुसरी पहिल्या मोसमातच रुसते. महाग बंदुकीत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः ही दुसरी आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून. आपल्याकडे तर हा प्रश्न निराळ्याच वाटेने सुटला. १९८०च्या दशकात सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणायची वाट जवळपास बंद झाली, नामवंत नेमबाजांपुरती सवलत उरली. त्यामुळे इथे आधीच आलेल्या जुन्या विलायती बंदुकांना सोन्याचा भाव आला.

आता तो आपल्या जिल्ह्याचा धागा. एफ.एन.ने बनवलेली ब्राउनिंगची पिस्तुलं युरोपभर इतकी पसरली की फ्रेंच भाषेत ब्राउनिंग हा शब्द पिस्तूल याच अर्थी वापरात आला. १९०९च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आली. ती पाठवली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, शारदा नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी, अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने त्यांतल्याच एका पिस्तुलाने कलेक्टर जॅक्सनचा वध केला. कान्हेरे मूळचे आपल्या खेड तालुक्यातले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना आणि कर्वे, देशपांडे या साथीदारांना फाशी झाली. पिस्तुलांच्या त्याच प्रकरणातून सावरकरांना अंदमान घडलं, आणि १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं जिल्हा न सोडण्याच्या अटीवर ते रत्नागिरीत राहिले. सहभोजनं, पतितपावन मंदिर, हे सगळं आपल्या गावाने पाहिलं. कुठे यूटातलं लोहारकाम, कुठे वरच्या आळीतलं देऊळ. पण मधले दुवे कोर्टाच्या कागदांत आहेत.

युरोपात याहून मोठा स्फोट व्हायचा होता. ३१ जानेवारी १९१४ रोजी एफ.एन.ने दहा लाखावं ब्राउनिंग पिस्तूल झाल्याचा समारंभ केला. बेल्जियमच्या राजाकडून ब्राउनिंगला मानाचं पदकही मिळालं. पाच महिन्यांनी, २८ जूनला, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच कारखान्याच्या, याच माणसाने रचलेल्या पिस्तुलातून. ऑगस्टात जर्मन फौजा लिएजवर चालून आल्या आणि ज्या कारखान्यात मेजवानी झाली तो शत्रूच्या ताब्यात गेला. ब्राउनिंग धर्मभीरू माणूस होता, बँजो वाजवणारा, कमी बोलणारा. या घटनांचं त्याला काय वाटलं असेल याची मी कादंबरीकार म्हणून पुष्कळ कल्पना करून पाहिली. तिच्यावर विश्वास ठेवायला मात्र धजलो नाही.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा सैन्याकडे धड मशीनगन नव्हती. मे महिन्यात ब्राउनिंगने आपली गन परीक्षेला लावली. सलग वीस हजार गोळ्या निघाल्या, एकदाही अडली नाही. त्याने आणखी वीस हजार झाडून दाखवल्या. अधिकाऱ्यांना शंका आली की हा खास घासूनपुसून आणलेला नमुना असावा. मग दुसरी गन आणली गेली; ती अठ्ठेचाळीस मिनिटं अखंड चालली. विश्वासार्हता हा शब्द हल्ली जाहिरातीत फार स्वस्त झाला आहे. त्याचा अर्थ असा मोजून दाखवता येतो. सरकारने युद्धासाठी हक्क मागितले आणि साडेसात लाख डॉलर देऊ केले. नेहमीच्या दराने रॉयल्टी मागितली असती तर याच्या कितीतरी पट झाली असती. विंचेस्टरपाशी रॉयल्टीसाठी एकोणीस वर्षांचा संबंध तोडणाऱ्या या माणसाने इथे घासाघीस न करता होकार दिला.

उतारवयात तो पुन्हा पुन्हा लिएजला जात राहिला. त्याचा मुलगा व्हॅल तिथलं काम पाहत असे. नावावर १२८ पेटंटं जमली होती, पैशाची ददात नव्हती, ऑग्डेनमध्ये नातवंडं होती. तरी एक बंदूक मनात घोळत होती: शेजारी शेजारी नव्हे तर एकावर एक नळी असलेली दुनळी, सामान्य शिकाऱ्याच्या खिशाला परवडेल अशी. तोवर तशा बंदुका फक्त श्रीमंतांसाठी बनत. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यात काम करता करता त्याच्या छातीत दुखू लागलं. त्याला व्हॅलच्या कचेरीत आणून निजवलं आणि तिथेच त्याचा प्राण गेला. वय एकाहत्तर. त्याचं शव बोटीने अमेरिकेला नेऊन ऑग्डेनच्या मातीत ठेवलं गेलं. एका पिस्तुलाची रचना अर्धी राहिली होती, ती कारखान्याच्या सेव्ह या बेल्जियन रचनाकाराने १९३५ साली पुरी केली. ती वरखाली नळ्यांची बंदूक व्हॅलने हाती घेतली. १९३१च्या सुमारास ती बाजारात आली, पण एकाच चापावर दोन्ही नळ्या चालवणं त्याला हवं तसं जमायला आणखी काही वर्षं गेली.